गाडी गेली, बोगदा उरला

सोलापूरच्या पोराने बोगद्यावर लेख लिहायचा म्हणजे वाळवंटातल्या माणसाने पोहण्यावर लिहिण्यासारखं आहे. आपल्याकडे सगळं सपाट. पार्क चौकातून कुठल्याही दिशेला निघा, पुलाचा चढ सोडला तर सायकलचा पेडल जोरात मारायची वेळ येत नाही. ऊन मात्र भरपूर. तरीही लिहितोय, कारण मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात बोगद्याने आम्हाला चांगलाच धडा शिकवला. त्या धड्यानंतर मी लायब्ररीत बसून जे वाचलं, सरांना विचारून जे समजून घेतलं, ते हॉस्टेलच्या पोरांपर्यंत आणि जमलं तर स्टाफपर्यंत पोहोचावं म्हणून हा प्रपंच.

आधी ती हकिगत सांगतो. आमच्या हॉस्टेलमध्ये नावाने कुणी हाक मारत नाही, गावाने मारतात. मी करमाळ्याचा म्हणून ‘करमाळा’. माझा रूम पार्टनर ‘अक्कलकोट’ आणि समोरच्या रूममधला ‘माढा’. आम्ही तिघं ऑगस्टमध्ये खंडाळ्याला गेलो. धबधबे बघितले, भजी खाल्ली, आणि मग माढ्याच्या डोक्यात आलं, की रुळावरून चालत पुढचा बोगदा बघून येऊ. त्याने तसले व्हिडिओ पाहिले होते. अक्कलकोट म्हणाला, “नको बे, गाडी येईल.” आणि मी, स्थापत्यचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, मी म्हणालो, “आत्ताच एक गेली की. लगेच दुसरी येत नसती.”

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

बोगद्यात निम्म्यापर्यंत पोहोचलो आणि अंगावर एकदम गार हवा आली. आवाज नव्हता, फक्त हवा. आम्हाला वाटलं छान झुळूक आहे. दोन-तीन सेकंदांनी रूळ वाजायला लागले आणि मग दिवा दिसला. मालगाडी होती, घाट उतरणारी. भिंतीत ठरावीक अंतरावर माणूस मावेल एवढे कोनाडे असतात, ट्रॅकवर काम करणाऱ्या माणसांसाठी ठेवलेले. मी आणि माढा एका कोनाड्यात घुसलो. अक्कलकोट पुढच्या कोनाड्याकडे पळाला, ओल्या खडीवर घसरला आणि भिंतीवर आपटला. नशिबाने भिंतीकडेच पडला. गाडी जाईपर्यंत आम्हाला तो दिसत नव्हता. किती डबे होते कोण जाणे, मला तर सोलापूर ते पुणे एवढी लांब गाडी वाटली. गाडी गेली तेव्हा तो बसलेला होता आणि कोपरातून हात भलतीकडे वळला होता.

त्याचं एक सेमिस्टर गेलं. ऑपरेशनसाठी त्याच्या वडिलांनी दोन म्हशींतली एक विकली. हे मला त्याने सांगितलं नाही, दिवाळीला त्याच्या घरी गेलो तेव्हा गोठ्यात दिसलं. काकूंनी मला पहिल्यासारखीच शेंगाची चटणी आणि कडक भाकरी वाढली आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्यापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या.

असो. आता विषयाकडे येतो.

एक सोपा पण महत्त्वाचा फरक

बोगदे दोन प्रकारचे. एक, ज्यातून गाडी जाते. दुसरा, ज्यातून आता गाडी जात नाही. पहिल्यात आपलं काहीही काम नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवा. ती जी ‘छान झुळूक’ आम्हाला लागली, तिचं कारण समजलं असतं तर आम्ही दोन सेकंद आधी पळालो असतो. अरुंद बोगद्यात गाडी शिरली की ती पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढची हवा ढकलत येते. यालाच पिस्टन इफेक्ट म्हणतात. वळणावरच्या बोगद्यात दिवा दिसत नाही, पाण्याच्या आवाजात गाडीचा आवाज बुडतो. आधी कळते ती हवा. आम्ही फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पास झालो होतो, पण तिथे त्याचा उपयोग शून्य.

दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे सोडून दिलेले बोगदे, यांचं मात्र जगात काही वेगळंच चाललंय. रूळ काढायचे, दुरुस्ती करायची, दिवे लावायचे आणि लोकांना चालायला, सायकल चालवायला द्यायचे. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आम्हाला बोगदा बघायचा होता यात चूक नव्हती. चूक ही, की आम्ही चुकीचा बोगदा निवडला.

आपल्या गाडीच्या वाटेवरचा सोडलेला तुकडा

आता तुम्ही म्हणाल, याचा सोलापूरशी काय संबंध? सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाचा संबंध आहे. आपण मध्यरात्रीनंतर गाढ झोपेत असतो तेव्हा गाडी बोरघाट उतरते.

इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली सुरू झाली, हे शाळेत पाठ केलंय. खंडाळा ते पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि १८६० मध्ये गाडी सोलापूरला पोहोचली. पण मधला घाट? तो तयारच नव्हता! म्हणजे सोलापुरात बसलेला माणूस खंडाळ्याला उतरायचा, पालखी, तट्टू नाहीतर गाडीतून डोंगर उतरून खोपोलीला जायचा आणि तिथून मुंबईची रेल्वे पकडायचा. हा द्राविडी प्राणायाम सुमारे तीन वर्षं चालला. घाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला.

त्या कामाचे आकडे बघा. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपंचवीस किलोमीटर लांबी. एवढ्या अंतरात १८३१ फूट, म्हणजे साधारण ५५८ मीटर चढ. पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानी पूल. सर्वात तीव्र चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हिशेब करा. ३७० टनांची गाडी या चढावर उभी केली तर नुसती मागे घसरू नये म्हणून इंजिनाला १० टनांचा जोर लावावा लागतो. घर्षण वगैरे वेगळंच. म्हणूनच आजही घाट चढणाऱ्या बहुतेक जड गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात.

हे सगळं डायनामाइटच्या आधीच्या जमान्यातलं काम. हाताने भोकं पाडायची, काळी दारू ठासायची आणि उडवायचं. १८६१ च्या सुमारास या घाटात एका वेळी चाळीस हजारांवर माणसं राबत होती. पटकी आणि तापाने त्यांतली किती गेली याचा विचार केला तर अंगावर काटा येतो. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी पहिला ठेकेदार विल्यम फेव्हिएल काम सोडून गेला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने मेला. पुढे ठेका त्याची बायको अ‍ॅलिस हिने चालवला आणि काम पुरं झालं. इंजिनिअरिंगला मुलींनी यावं की नाही यावर अजूनही गावाकडे पारावर चर्चा होते, त्यांना हे सांगायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. खंडाळ्याजवळ डोंगर इतका उभा होता, की गाडी वळवायला जागाच नव्हती. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. म्हणजे काय? गाडी चढत चढत एका बंद टोकाच्या फाट्यावर जाऊन थांबायची. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. इंग्रजी झेड अक्षर डोळ्यांसमोर आणा. अरुंद जिन्यात कपाट चढवताना आपण मधल्या पायरीवर थांबून टोकं बदलतो ना, तसंच.

युक्ती भारी, पण तोटे दोन. इंजिन बदलण्यात वेळ जायचा. आणि गाडीची लांबी त्या बंद फाट्यापेक्षा जास्त ठेवता येत नव्हती. रहदारी वाढली तशी ही अडचण गळ्याशी आली. पुढे घाटात विजेची इंजिनं आली, नवीन बोगदे खोदून सरळ वाट काढली आणि १९२९ मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. तो तुकडा मागे राहिला. त्या जुन्या वाटेच्या दगडी खुणा खंडाळ्याच्या बाजूला अजून आहेत. शंभर वर्षं होत आली. त्याचा अधिकृत फिरण्याचा मार्ग काही झालेला नाही.

जपानने काय केलं?

आपल्या घाटाशी अगदी जुळणारं उदाहरण जपानात आहे. टोकियोच्या वायव्येला उसुई नावाची खिंड. योकोकावा ते करुइझावा हे अकरा-साडेअकरा किलोमीटर, त्यात सव्वीस बोगदे. मार्ग १८९३ मध्ये सुरू झाला. चढ ऐकून खुर्चीला धरून बसा: हजार मीटरला ६६.७ मीटर, म्हणजे १:१५. आपल्या बोरघाटाच्या जवळजवळ अडीच पट! वरचाच हिशेब लावला तर त्याच ३७० टनांच्या गाडीला २५ टनांच्या आसपास जोर लागेल. नुसत्या चाकांनी तो मिळेना, म्हणून रुळांच्या मध्ये दातेरी पट्ट्या टाकल्या आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्यात अडकवून गाडी वर ओढली. या पद्धतीला तिच्या शोधकाच्या नावावरून ‘आप्ट’ म्हणतात. (आपल्या आपट्याच्या पानांशी संबंध नाही!)

१९६३ मध्ये ताकदवान इंजिनं आली, शेजारी नवा मार्ग झाला आणि दातेरी मार्ग बंद पडला. १९९७ मध्ये बुलेट ट्रेन आल्यावर तो नवा मार्गही बंद झाला. पण जपान्यांनी जुना मार्ग मोडीत काढला नाही. २००१ मध्ये योकोकावापासून विटांच्या मोठ्या कमानी पुलापर्यंतचा भाग चालण्यासाठी खुला केला आणि २०१२ मध्ये तो कुमानोताइरा या जुन्या स्टेशनपर्यंत वाढवला. एकूण सहा किलोमीटर, वाटेत दहा बोगदे, आणि तो ३१ मीटर उंच विटांचा पूल. बोगद्यांत दिवे आहेत, ते संध्याकाळी बंद होतात. शाळेची मुलं, म्हातारी माणसं आरामात फिरतात. वाटेचं नावच ‘आप्टची वाट’. ज्या तंत्राने घाट चढला, त्याचं नाव वाटेला दिलं.

इंग्लंड आणि अमेरिका

इंग्लंडमधल्या बाथ शहरात ‘टू टनेल्स’ नावाचा मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला. त्यातला कूम डाउन बोगदा १६७२ मीटर लांब. आपल्या चालीने पंचवीस मिनिटं. हा बोगदा १८७४ चा, एकेरी रुळाचा, अत्यंत अरुंद आणि हवा खेळायला एकही उभी विहीर नसलेला. १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये (योगायोग बघा, आपलं रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं तेच वर्ष) एक मालगाडी हळूहळू चढत या बोगद्यातून जात होती. इंजिनाचा धूर कोंडला, ड्रायव्हर आणि फायरमन बेशुद्ध पडले. गाडी बोगद्यातून बाहेर आली आणि पुढच्या उतारावर बेफाम सुटून बाथच्या यार्डात कोसळली. तीन जण मेले. तो मार्ग १९६६ मध्ये बंद झाला. आज त्याच बोगद्यात लोक पोरांना सायकलवर बसवून नेतात.

तिसरं उदाहरण अमेरिकेतलं, वॉशिंग्टन राज्यातला स्नोक्वाल्मी बोगदा. १९१५ च्या सुमारास वापरात आला, १९८० मध्ये मार्ग बंद पडला. लांबी सुमारे ३.६ किलोमीटर, आत दिवे अजिबात नाहीत! ज्याने त्याने आपला टॉर्च आणायचा. पण गंमत म्हणजे हिवाळ्यात दारं लावून बोगदा बंद ठेवतात, कारण तोंडाशी बर्फाच्या सुळ्या लोंबतात आणि पडतात. २००९ मध्ये आतलं काँक्रीट निसटायला लागलं तर पूर्ण बंद करून दुरुस्त केला आणि २०११ मध्ये पुन्हा उघडला. म्हणजे नुसतं उघडणं महत्त्वाचं नाही, वेळेवर बंद करता येणंही तितकंच महत्त्वाचं आहे.

बोगदा चालण्यालायक कसा करतात?

आता जरा आमच्या सिव्हिलचं बोलू. इतर ब्रँचवाल्यांनी पान उलटू नये, सोपं करून सांगतो.

_छत._ आपला सह्याद्री म्हणजे बेसॉल्ट, काळा कातळ. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, पातळ पिठल्यावर घट्ट पिठलं ओतावं तसे. घट्ट थर लोखंडासारखा, पण दोन थरांच्या मध्ये कधी सच्छिद्र दगड, कधी तांबडी मऊ माती. पाणी तिथून शिरतं आणि वरचा धोंडा सुटा होतो. रोज गाडी जाते तिथे रेल्वेची माणसं अशा धोंड्यांवर नजर ठेवतात. सोडलेल्या बोगद्याला कुणी बघत नाही. म्हणून पहिलं काम: पहारीने ठोकत जायचं आणि आवाज ऐकायचा. टणक खणखणला तर ठीक, बदबदला तर दगड सुटलाय. सुटे दगड पाडायचे. जे पाडता येत नाहीत त्यांना लांब सळ्या, म्हणजे रॉक बोल्ट, ठोकून मागच्या घट्ट कातळाशी बांधायचं. वर जाळी आणि काँक्रीटचा फवारा. २०१५ च्या जुलैमध्ये एक्सप्रेस वेवर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली आणि माणसं गेली. बोगद्याचं तोंड ही आतल्या भागापेक्षाही धोक्याची जागा असते, हे त्यावरून लक्षात यावं. पाऊस, ऊन, झाडांची मुळं, सगळ्यांचा हल्ला तोंडावरच होतो.

_पाणी._ बोगद्यात पाणी थांबवायचं नसतं, वाट करून द्यायची असते. अस्तर घट्ट बंद केलं की मागे पाणी तुंबतं आणि अस्तरालाच ढकलतं. म्हणून भिंतीत बारीक भोकं ठेवतात आणि खाली दोन्ही बाजूंना गटारं. जुन्या लोकांनी बोगद्याला थोडा उतार दिलेलाच असतो. गाळ काढला की निम्मं काम झालं.

_हवा._ आता धूर नाही, मग हवेची चिंता कशाला? आहे. बोगद्याच्या आत वर्षभर जवळपास एकच तापमान असतं. उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार आणि जड, म्हणून ती खालच्या तोंडातून बाहेर पडते. हिवाळ्यात उलटं, आतली उबदार हवा वरच्या तोंडातून निघते. म्हणजे बोगदा श्वास घेतो. पण पावसाळ्यात? आत-बाहेर तापमान सारखंच, तेव्हा श्वास मंद. शिवाय गळती सर्वात जास्त आणि दरडीचा धोकाही तेव्हाच. नेमके तेव्हाच आपण सगळे खंडाळ्याला धावतो! म्हणून आपल्याकडे असा मार्ग झालाच तर अमेरिकेत हिवाळ्यात लावतात तसं दार आपल्याला जून ते सप्टेंबर लावावं लागेल. ज्याचं एक तोंड बुजलंय अशा बोगद्यात तर कोणत्याच ऋतूत शिरू नये. तिथे हवा हलतच नाही.

_उजेड._ जास्त उजेड हा उपाय नाही. भर उन्हातून अंधारात शिरलं की डोळ्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो. मॅटिनी शोला उशिरा गेल्यावर आपण कुणाच्या तरी पायावर पाय देतो ना, तेच. म्हणून तोंडाशी दिवे जवळ जवळ, आत गेल्यावर दूर दूर आणि मंद. ते डोळ्यांत न जाता पायाखाली पडावेत असे.

_पायवाट._ खडीवर चालताना अक्कलकोटचं काय झालं ते सांगितलंच. खडी काढायची, मुरूम टाकून दाबायचा, मधोमध किंचित उंचवटा ठेवायचा म्हणजे पाणी कडेला जातं. सायकल आणि व्हीलचेअर दोन्हींना हीच वाट चालते. रेल्वेची वाट मुळातच मंद चढाची. जिथे इंजिन चढलं तिथे गुडघे दुखणारी आजीही चढते. रस्त्यांपेक्षा या वाटांचा हा मोठा फायदा.

_घरमालक._ बोगदा रिकामा झाला की वटवाघळं राहायला येतात. त्यांना हुसकून लावायचं नाही, ती शेतातले किडे खातात. त्यांच्या विणीच्या काळात तो भाग बंद ठेवायचा, दिवे त्यांच्या बाजूला न्यायचे नाहीत. आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ आपल्या फुफ्फुसांना वाईट, म्हणून तिथे झाडू मारायचा नाही, ओलं करून काढायचं.

मग अडलंय कुठे?

माझ्या मते पैशापेक्षा जास्त अडतं ते ‘हे कुणाचं’ या प्रश्नावर. जमीन एका खात्याची, डोंगर दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा. कुणाचंच नाही म्हटलं की ते हळूहळू जातं. खंडाळ्याजवळचा अमृतांजन पूल आठवतो का? १८३० सालचा दगडी पूल. एक्सप्रेस वेवर त्याच्या खांबांमुळे वाहनं अडत होती, अपघात होत होते. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउनमुळे रस्ता रिकामा असताना तो सुरुंग लावून पाडला. रहदारीच्या दृष्टीने कारण खरं होतं, मी नाकारत नाही. पण एकशे नव्वद वर्षं उभं असलेलं बांधकाम एका दिवसात गेलं. ज्याचा उपयोग चालू आहे ते टिकतं. ज्याचा नाही त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसतं.

आणि आपल्या जिल्ह्याचं काय? आपल्याकडे बोगदा नाही, पण सोडलेली वाट आहे. बार्शी लाइट रेल्वे! एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी रुळांवर १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत गाडी नेली. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा नियम. त्यामुळे हलक्या रुळांवर जड माल नेता आला. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. वारीला जाणाऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीला ती गाडी म्हणजे घरचीच वाटायची. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. जिथे नवा मार्ग जुन्यावरच बसला तिथे काही उरलं नाही. पण जिथे तो बाजूने गेला तिथे जुना भराव, छोट्या मोऱ्या उरतात. त्यावर मुरूम टाकून दोन्ही बाजूंना कडुलिंब लावले तर आपल्या उन्हातही चालता येईल. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा जुन्या रेल्वेवाटांना ‘हिरव्या वाटा’ करायचं काम चालू आहे. आपण एक पाच किलोमीटरचा तुकडा करून बघायला काय हरकत आहे?

शेवटी

अक्कलकोट या वर्षी परत आलाय, आमच्या मागच्या वर्गात. हात सरळ होतो, पण पूर्ण नाही. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला ट्रायपॉड उचलताना मी पुढे होतो तेव्हा तो म्हणतो, “ठेव बे, मला जमतंय.” मी ठेवतो.

दिवाळीनंतर आम्ही दोघं सिद्धेश्वरने मुंबईला गेलो. मी खिडकीशी जागा होतो. घाटात गाडी सावकाश झाली, बोगदा आला, आणि खिडकीतून ती गार हवा अंगावर आली. मला वाटलं तो झोपलाय. अंधारातच तो म्हणाला, “करमाळा, फायनल इयरला प्रोजेक्ट कुठला घेणार?” मी म्हटलं, बार्शी लाइटच्या जुन्या भरावाचा सर्व्हे. कुठे काय उरलंय, मोऱ्या किती शाबूत आहेत, जमीन कुणाच्या नावावर आहे, सगळं नकाशावर घ्यायचं. तो म्हणाला, “माझं एक वर्ष मागे आहे. तू अर्धं कर. उरलेलं मी पुढच्या वर्षी करतो.”

तर मंडळी, असं ठरलंय. टेप धरायला, लेव्हल वाचायला, गावातल्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गाडीची माहिती काढायला माणसं हवी आहेत. ब्रँचची अट नाही. मेकॅनिकलवाले चालतील, कॉम्प्युटरवाले तर नकाशासाठी हवेतच. सरांपैकी कुणी आले तर आनंदच आहे. परवानगीची पत्रं आधी जातील, उत्तर आल्याशिवाय कुणीही भरावावर पाय ठेवणार नाही. माढ्यालाही घेतलंय, पण त्याच्याकडे फक्त पत्रव्यवहार दिलाय!

आणि जे ऑगस्टमध्ये खंडाळ्याला जाणार आहेत त्यांना एवढंच सांगणं: धबधबा बघा, भजी खा आणि रुळांपासून लांब राहा. “लगेच दुसरी येत नसती” असं कुणी म्हणालं, तर त्याला दुसऱ्या मजल्यावर अक्कलकोटच्या रूमकडे पाठवून द्या.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी